चंपाबाईंची फारसी

माझी उभी हयात रंगभूमीवर गेली. संगीत नाटकांचे दिवस मावळत आले होते तेव्हा मी तोंडाला रंग लावला, आणि मावळून गेले तेव्हा पुसला. राण्या केल्या, दासी केल्या, एकदा तर नायकाची आई आणि त्याची मेहुणी एकाच प्रयोगात केली, कारण मेहुणीचं काम करणारीची सातारच्या स्टँडवर गाडी चुकली होती. मोठमोठ्या नटांची भाषणं मी विंगेत उभी राहून ऐकली आहेत. तरी अंगावर सर्रकन काटा यावा आणि आपण जागच्या जागी खिळून राहावं, असं वाक्य मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळालं. त्यातलं एक मी ऐकलं माधवनगरात, शेजारच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. ते बोलणाऱ्या बाई होत्या चंपाबाई चौगुले. आणि ते वाक्य फारसीत होतं.

चंपाबाई माझ्या भिंतीपलीकडच्या. वय साठीच्या पुढं, बांधा लहानखुरा, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. धर्मानं जैन, मूळ घर शेतकऱ्याचं. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा सम्मेद शाळेत होता. माधवनगरात कापडाला तोटा नाही; गिरणीचा भोंगा बंद झाला तरी गल्लीबोळांतले माग खडखडत राहिले. त्या मागांवरचे उरलेले तुकडे आणून चंपाबाई पिशव्या शिवायला लागल्या. बाजाराच्या पिशव्या, पिठाच्या पिशव्या, देवळात न्यायच्या पिशव्या. त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला की मला दुपारची झोप लागत नाही, इतकी त्याची सवय झाली आहे.

सम्मेद शिकला, पुण्याला औषधांच्या कंपनीत लागला. तिथं त्याची गोलनारशी ओळख झाली. इराणातल्या यज्द शहरातली ही मुलगी औषधशास्त्र शिकायला पुण्यात आली आणि तिथंच नोकरीला राहिली. चांगली उंच, लांब नाकाची, हसली की डोळे मिटणारी. मराठी बोलायची, पण लिंगांचा सगळा गोंधळ. ‘माझा आई’ म्हणायची, ‘तुझी डोकं’ म्हणायची. चंपाबाईंना ती पहिल्या भेटीतच आवडली. "आवं रंगूताई," त्या मला म्हणाल्या, "पोरगी आली ती थेट मशीनपाशी बसली. म्हनली, आई, मला बी शिकवा. तवाच मी काय ते समजले."

पण गोष्ट एवढ्यावर मिटणारी नव्हती. गोलनारचे वडील वारलेले. आई एकटी, ताहेरे खानूम त्यांचं नाव, आणि ही त्यांची एकुलती एक लेक. आईनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मी येईन. ज्या घरात तू राहणार ते घर बघेन, ज्या बाईच्या हाताखाली तू राहणार तिला बघेन. मग हो किंवा नाही म्हणेन. नाही म्हटलं तर माझ्याबरोबर परत यायचं." आणि गोलनारनं ते कबूल केलं होतं. आईला एकटीला टाकून, तिच्या मनाविरुद्ध ती लग्न करणार नव्हती.

आता ताहेरे खानूमना फारसीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. सम्मेद म्हणाला, "गोलनार हाय की सांगायला." चंपाबाईंनी मान हलवली. "पोरीचं मागणं घालायचं, आन मधी पोरीलाच दुभाषी बसवायचं? ती लाजंल का सांगंल? इहिणीशी मीच बोलनार."

"पण आई, फारसीत?"

"मग काय तिनं मराठीत बोलायचं? पाहुणी ती हाय का मी?"

चंपाबाईंचे दीर मदनभाऊ त्या वेळी पडवीत बसले होते. ते म्हणाले, "वैनी, पढे फारसी, बेचे तेल! फारसी शिकून शेवटी तेलच इकायचं!"

"तेल न्हाई भावजी," मशीनवरून मान न उचलता त्या म्हणाल्या, "पिशव्या."

तर अशी सुरुवात झाली. गोलनार पुण्याहून मोबाइलवर वाक्यं बोलून पाठवायची, चंपाबाई मशीन चालवता चालवता ऐकायच्या. त्यांचं शिक्षण जेमतेम सातवी, पण पाठांतर पिढीजात. देवळातली स्तोत्रं त्यांनी लहानपणापासून कानानं उचलली होती, अर्थ कळो न कळो, एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. तेच कसब इथं लावलं. ‘खोश आमदीद’, म्हणजे या, आनंदानं आलात. ‘बेफरमाईद’, म्हणजे बसा, घ्या, जेवा, या सगळ्याला एकच शब्द. मला त्यांनी सक्तीनं तालीम मास्तर नेमलं. मी दारातून पाहुणी म्हणून यायचं, पदर डोक्यावर घ्यायचा, आणि त्यांनी स्वागत करायचं. ऐंशीच्या घरात मला पुन्हा भूमिका मिळाली! मी जीव ओतून काम केलं. एकदा तर दारातून येताना मी इतकी करारी मुद्रा केली की चंपाबाई म्हणाल्या, "रंगूताई, इहीन हाय ती, हुंडा घ्यायला आल्याली सासू न्हवं. जरा हसा."

गाडं अडलं ते मोठ्या वाक्यांपाशी.

आपण मराठीत काय म्हणतो? ‘जी बाई काल आली, ती गोलनारची आई.’ आधी ‘जी’, मग ‘ती’. दोन चाकांची गाडी. चंपाबाईंनी फारसीतही तशीच गाडी जुंपली. ‘जी’ला फारसीत ‘के’ म्हणतात एवढं कळल्यावर त्या प्रत्येक वाक्य ‘के’नं सुरू करायला लागल्या. फोनवर गोलनार हसून हसून बेजार.

"आई, ‘के’नी सुरू नाही करायचा. तसं केलं तर माझा आईला वाटेल, वाक्याचं डोकं तिला ऐकूच आलं नाही."

"मग कसं?"

"आधी बाई सांगायची. जन. मग तिला ‘ई’ लावायची. जनी. मग ‘के’. मग ती काय केली ते. आणि मग गुपचूप पुढे जायचं. जनी के दीरूज आमद, मादरे गोलनार अस्त." यातला ज जहाजातल्या ज सारखा म्हणायचा, हेही तिनं घोटून घेतलं.

चंपाबाईंनी ते म्हणून पाहिलं. म्हणाल्या, "बाई-ई के काल आली, गोलनारची आई हाय. आन ‘ती’ कुठं गेली?"

"‘ती’ लागतच नाही."

"आन गडी आला तर?"

"तरी ‘के’."

"आन भांडं पडलं तर?"

"तरी ‘के’च, आई."

चंपाबाईंनी मशीन थांबवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं का? जो न्हाई, जी न्हाई, जे न्हाई. रानी येवो न्हाईतर मोलकरीन, एकच दार." आणि मग हळूच, "तवाच त्या पोरीला आपलं ‘माझी आई’ जमत न्हाई. तिच्या घरी बाई-गड्याला येगळं बोलायची रीतच न्हाई. मी उगा हसत हुते तिला."

मला आपलं वाटलं, शिकवण्यात आपणही हातभार लावावा. मी म्हटलं, "चंपाबाई, हे अगदी आमच्या पडद्यासारखं बघा. पात्राचं नाव घेतलं की पुढचा पडदा सरकवायचा, आत त्यानं काय केलं तो प्रवेश दाखवायचा, पडदा बंद करायचा आणि नाटक पुढं न्यायचं."

त्यांनी थोडा विचार केला. "तुमचा पडदा ऱ्हाऊ द्या. मला ते असं दिसतंय. हे नाव म्हंजे पिशवी. ‘ई’ म्हंजे तिला आतून घातल्याली टीप. ‘के’ म्हंजे खिशाचं तोंड. त्या बाईबद्दल जे काय सांगायचं ते खिशात घालायचं, आन पिशवी उचलून चालू लागायचं. खिसा पिशवीबरुबर जातोय. येगळा धरावा लागत न्हाई."

मी पडदा मिटून घेतला. पिशवीचा खिसा माझ्याही डोक्यात पक्का बसला.

त्या दिवसापासून घरातल्या पिशव्याच वाक्यांना कामाला लागल्या. मराठीत आपण म्हणतो, ‘ज्या पिशवीत मी पीठ ठेवते’. फारसीत खिशाच्या आत आणखी एकदा ‘त्यात’ म्हणून सांगावं लागतं: कीसेई के दर आन आर्द मीगोजारम. पिशवी-ई के त्यात पीठ ठेवते. हे ‘दर आन’ चंपाबाई हमखास विसरायच्या. मग मी पलीकडून भिंतीवर ठोकायची. त्या ओरडायच्या, "दर आन! दर आन! भिंत पाडशीला!"

एका दुपारी त्या गप्प बसून होत्या. मशीन बंद. मी काळजीनं डोकावले. म्हणाल्या, "रंगूताई, एक बघा. ह्या खिशात आनि एक पिशवी घालता येती की. तिला बी खिसा. ज्या पिशवीत मी पीठ ठेवते, जे पीठ त्या चक्कीचं हाय, जी चक्की माझ्या दिरानं टाकली, जो दीर मला हसतो... संपतच न्हाई! असं म्या उभ्या जन्मात किती बोलले आसन, कवा ध्यानात आलं न्हाई. आन तिकडं कुठं त्या वाळवंटातली मानसं बी अशीच बोलत्यात. त्यांना कुनी सांगितलं? आपल्याला कुनी सांगितलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी देवळाच्या शिखराकडं बघणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. मी पन्नास वर्षं दुसऱ्यांची लिहिलेली वाक्यं बोलले. वाक्य म्हणजे केवढी थोरली गोष्ट आहे, हे त्या दुपारी मला चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून कळलं.

माघ महिन्यात ताहेरे खानूम आल्या. सम्मेद आणि गोलनार त्यांना पुण्याहून गाडीनं आणणार होते. बेत असा की दुपारी चारपर्यंत पोचायचं, आणि दिवस असताना सगळ्यांनी एका टेबलाला बसून जेवायचं. कारण चंपाबाई सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत. जुन्या जैन घरांतली ही रीत. अंधारात, दिव्याच्या उजेडात बारीक जीव मरतात, म्हणून जेवण दिवसाउजेडी. चंपाबाई पाणीही घेत नाहीत. दुखण्यातही त्यांनी ते मोडलेलं मला आठवत नाही.

स्वयंपाक पहाटेपासून. पुरणपोळी, आमटी, भरली वांगी; कांदा-लसूण कशातच नाही. आणि गोलनारनं शिकवलेला बेदाण्यांचा केशरी भात, तळाला मुद्दाम खरपूस लागू दिलेला. तो तळाचा पापुद्रा त्यांच्याकडं पाहुण्याला मानानं वाढतात. चंपाबाईंना ते काही केल्या पटेना. "खरवड? पाहुनीला खरवड वाढू? ही काय म्हनंल, भात संपला वाटतं!" पण गोलनारच्या शब्दाखातर केला.

चार वाजले, कुणी आलं नाही. खंबाटकीच्या घाटात ट्रक आडवा झाला होता. नंतर साताऱ्याहून गोलनारचा फोन आला. आई चहाला उतरली ती डोंगर बघत उभीच राहिली आहे, म्हणते हे तर आमच्या यज्दचेच डोंगर, हलायला तयार नाही. "आई, तुम्ही जेवून घ्या. दिवस जाईल तुमचा."

"पाहुनी वाटंवर असताना मी पान वाढून घिऊ? हळूहळू या तुमी," असं म्हणून चंपाबाईंनी फोन ठेवला.

मी म्हटलं, "अहो, दोन घास खा. कुणाला कळणार आहे?"

"माझं मला कळंल की."

आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. उन्हं उसाच्या शेंड्यांवर गेली, मग तिथूनही गेली. दिवेलागण झाली. त्यानंतर गाडी आली.

स्वागत उत्तम झालं. ताहेरे खानूम उतरल्या. डोक्याला राखी रुमाल, डोळे थकलेले, पण पाठ ताठ. चंपाबाईंनी ओवाळलं आणि ठणठणीत आवाजात ‘खोश आमदीद’ म्हटलं, तेव्हा बाईंच्या भुवया वर गेल्या. पुढची तीन-चार वाक्यं तालमीप्रमाणे बिनचूक आली. प्रवास कसा झाला, प्रकृती कशी आहे, हे घर तुमचंच समजा. ताहेरे खानूमनी चंपाबाईंचा हात हातात घेतला. मी मनात म्हटलं, पहिला अंक जिंकला.

मग टेबलाशी बसलो. ताटं पाच मांडलेली, पण चंपाबाई वाढायला उभ्या. ताहेरे खानूमनी त्यांच्या रिकाम्या ताटाकडं बघून लेकीला हळूच काही विचारलं. गोलनार दिवसभराच्या प्रवासानं शिणलेली. तिनं भात घेता घेता दोन शब्दांत उत्तर दिलं. ती काय बोलली ते मला नंतर कळलं. आईनं विचारलं होतं, "या जेवणार नाहीत?" आणि पोरगी म्हणून गेली होती, "नाही, आपल्याबरोबर नाही."

आपल्याबरोबर नाही! परक्या मुलखात, परक्या धर्माच्या घरात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या आईनं याचा काय अर्थ घ्यावा? त्यांनी तोच घेतला. यांना आपली पंगत चालत नाही. आज मला चालत नाही, उद्या माझ्या लेकीला वेगळं ताट, वेगळा कोपरा.

त्यांनी हात मांडीवर घेतले. चंपाबाई हसून म्हणाल्या, "बेफरमाईद."

"मेर्सी. सीरम," म्हणजे आभार, पोट भरलंय.

आता तालमीत गोलनारनं बजावलं होतं की आमच्याकडं पाहुणा आधी नाही नाहीच म्हणतो, तुम्ही सोडायचं नाही. आग्रह करायला माधवनगरच्या बाईला का शिकवावं लागतं? चंपाबाई पुन्हा म्हणाल्या. पुन्हा ‘सीरम’. तिसऱ्यांदा त्यांनी पुरणपोळीच हातात उचलली, तर ताहेरे खानूमनी ताट बोटभर पुढं सारलं. अगदी शांतपणे, एवढंसंच.

आता गोलनारच्या ध्यानात आलं. ती घाईघाईनं आईला फारसीत सांगू लागली, तोच आईनं हात वर केला. काय म्हणाल्या त्याची मराठी गोलनारनं खालमानेनं आम्हाला सांगितली: "आई म्हणते, तू बोलू नको. तू या घराचं चांगलंच सांगणार. ज्यांचं घर आहे त्या सांगू देत."

चंपाबाईंची सगळी वाक्यं मला पाठ होती, आणि त्यांत या प्रसंगाचं वाक्य नव्हतं. आम्ही हा प्रवेश बसवलाच नव्हता! समोरच्या नटानं भलतंच भाषण घेतलं की काय होतं, हे मी भोगलं आहे. कसलेले लोक तिथं घामाघूम होतात. आणि ही बाई जन्मात पहिल्यांदा अशी उभी, तीही दुपारपासून उपाशी, तोंडात पाण्याचा थेंब नाही.

चंपाबाईंनी पोळी ताटात ठेवली. हात पदराला पुसले. खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आणि एकेक शब्द चाचपत, जोडत बोलल्या,

"कसी के... शाम नमीखोरद... मनम."

जी व्यक्ती रात्रीचं जेवत नाही, ती मी आहे.

"शोमा ना," तुम्ही नव्हे.

ताहेरे खानूमची नजर वर उठली. चंपाबाई थांबल्या नाहीत. आता त्यांनी हात सगळ्या घरावरून फिरवला.

"खानेई के मेहमान... दर आन..." मी टेबलाखाली मूठ आवळली, ‘दर आन’ आलं होतं! "दर आन गोरोस्ने..."

आणि क्रियापद सापडेना. घर-ई के पाहुणा त्यात उपाशी... त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. त्यांनी पोटावर हात ठेवला, डोळ्यांनीच विचारलं. आम्हा कुणाला काही सुचवता येईना. गोलनारला बोलायची बंदी, आणि मला तो शब्द येत नव्हता.

"बेमानद," ताहेरे खानूम हळूच म्हणाल्या. राहील.

"बेमानद!" चंपाबाई म्हणाल्या, "खाने नीस्त!"

ज्या घरात पाहुणा उपाशी राहील, ते घरच नव्हे.

हे वाक्य त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातलं नव्हतं, गोलनारनं पाठवलेलं नव्हतं, मी घोटून घेतलेलं नव्हतं. त्या घटकेला, त्या टेबलाशी, आमच्या डोळ्यांदेखत ते जन्माला आलं. अर्धं एका आईनं म्हटलं, अडलं तिथं दुसऱ्या आईनं हात दिला. मी उभी होते की बसले होते, मला आठवत नाही. अंगावर काटा आलेला मात्र आठवतो. पाठ केलेलं मीही बोलले आयुष्यभर. पण शब्द परके, रीत परकी, आणि त्यांतून स्वतःच्या काळजातली गोष्ट ओवून समोरच्याच्या हातात ठेवायची, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"चेरा शब ना?" ताहेरे खानूमनी विचारलं. रात्री का नाही? आता त्यांनी लेकीकडं बघून मान हलवली, आणि गोलनारनं सगळं सांगितलं. मावळतीची रीत, दिव्यावर येणारे जीव, दारात उभं राहणं. साताऱ्याचं नाव आलं तेव्हा ताहेरे खानूमनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे मी डोंगर बघत होते, आणि या इथं माझ्यासाठी उपाशी? आणि आता सूर्य उगवेपर्यंत काही नाही?"

"पानी बी न्हाई," सम्मेद म्हणाला. गोलनारनं तेही सांगितलं.

ताहेरे खानूम चंपाबाईंकडं बघत राहिल्या. मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या काही म्हणाल्या आणि गोलनारही फिसकन हसली.

"आई म्हणते, आम्ही रमजानात दिवसा उपास करतो आणि सूर्य बुडाला की खातो. तुम्ही रोज सूर्य बुडाला की उपास करता. देवानं दिवस वाटून दिलाय, कोणी ना कोणी चोवीस तास उपाशी पाहिजेच!"

"मग उपासाची रातपाळी माझी," चंपाबाई म्हणाल्या. "जेवा आता, बेफरमाईद!"

ताहेरे खानूम जेवल्या. पुरणपोळी दोन वेळा मागून घेतली. भाताची खरवड तर त्यांनी उलथन्यानं स्वतः काढून घेतली, आणि चंपाबाई माझ्या कानाशी लागल्या, "बघा तरी, खरंच खाती हो!" लग्नाबद्दल मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. सम्मेद त्यांच्या तोंडाकडं बघून बघून थकला.

सकाळी मला चहाला बोलावणं होतं. मी गेले तर ताहेरे खानूम अंधार असल्यापासून पडवीत बसलेल्या. सूर्य वर आल्याशिवाय त्यांनीही चहाला हात लावला नव्हता. माधवनगरच्या कौलांवर ऊन चढलं, चंपाबाईंनी देवाचं नाव घेऊन पाणी प्यायलं, आणि मग दोघी उप्पीट खायला समोरासमोर बसल्या. एकाच टेबलाला, एकाच वेळी. मी आणि सम्मेद बाजूला. गोलनारचा पत्ता नव्हता. ती आत गाढ झोपलेली.

दुधाशिवायचा चहा, तोंडात साखरेचा खडा. ताहेरे खानूमनी कप खाली ठेवला, आतल्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं, उसासा टाकला आणि चंपाबाईंना म्हणाल्या,

"दोख्तरी के बे शोमा दादम, सोब्हा दीर बीदार मीशवद."

सम्मेदला त्यातला एक ‘दीर’ तेवढा कळत होता, उशीर. त्याचा चेहरा उतरला. "काय म्हनल्या गं? उशीर झाला म्हनत्यात का? जायचं म्हनत्यात?"

चंपाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"आई, सांग की!"

"तक्रार करत्यात रं," त्या कशाबशा म्हणाल्या. "म्हनत्यात, म्या तुमाला जी पोरगी दिली, ती सकाळी लय उशिरा उठती."

"मग त्यात रडायला काय झालं?"

"आरं येड्या! दिली, म्हनल्या त्या. दिली!"

सम्मेद तसाच उभा राहिला, हातात चमचा. होकाराची एवढी वाट पाहिली आणि तो आला तो असा, लेकीच्या तक्रारीच्या आत ठेवून, जणू कधीच देऊन झालेला. मी पुष्कळ नाटकांत कन्यादान पाहिलं, सनईसुद्धा वाजवून घेतली आहे. इतकं हलक्या हातानं केलेलं दान मी पाहिलं नाही. आणि ते नेमकं पोचलं होतं त्याच बाईच्या कानी, जिच्यासाठी बोललं होतं.

ताहेरे खानूम आता उठून दाराकडं निघाल्या होत्या, लेकीला जागं करायला. चंपाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा हात धरून परत खुर्चीवर बसवलं.

"एब नदारद," त्या म्हणाल्या. काही हरकत नाही. "बेगोजारीद बेखाबद."

झोपू द्या तिला.